फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१२ मे, १८२० – १३ ऑगस्ट, १९१०) या आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या इंग्लिश परिचारिका, समाजसुधारक आणि संख्याशास्त्रज्ञ होत्या. क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केल्यामुळे त्या जगभर प्रसिद्ध झाल्या. रात्री हातात दिवा घेऊन रुग्णांची विचारपूस करणारी स्त्री अशी त्यांची प्रतिमा लोकमानसात रूढ आहे. मात्र हे युद्धकार्य दोन वर्षांहून कमी काळाचे होते. त्यानंतरच्या ५४ वर्षांतील बराचसा काळ त्या आजारपणामुळे घरातच होत्या. त्यांतील काही वर्षे अंथरुणाला खिळून गेली आणि अखेरची सुमारे १४ वर्षे लंडनमधील घरातच सरली.

घरात अडकलेल्या रुग्णाच्या शरीराबरोबर त्याच्या मनाचीही काळजी घेणे हा शुश्रूषेचाच भाग आहे, हा विचार त्यांनी आपल्या लेखनात मांडला. गरीब रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन प्रशिक्षित परिचारिकेने सेवा द्यावी, ही व्यवस्था इंग्लंडमध्ये रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वर्कहाउसमध्ये एकत्र कोंबलेल्या वृद्ध, आजारी आणि मनोरुग्ण माणसांची वेगवेगळी व योग्य काळजी घेतली जावी, यासाठीही त्यांनी प्रयत्न केले.

बालपण आणि शिक्षण

नाइटिंगेल यांचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि त्या शहरावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. त्यांची थोरली बहीण पार्थेनोपी हिचा जन्म नेपल्सचा. तिचे नावही त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून ठेवलेले होते. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे मूळचे शोर घराण्यातील. आईकडील नातेवाइकाकडून मोठी मालमत्ता वारशाने मिळाल्यावर त्यांनी नाइटिंगेल हे आडनाव धारण केले. आई फ्रान्सिस ऊर्फ फॅनी या गुलामगिरीविरोधी संसदसदस्य विल्यम स्मिथ यांच्या कन्या होत्या. कुटुंबाची डर्बीशायरमधील ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमधील एम्बली पार्क अशी दोन मोठी घरे होती.

वडिलांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकवले. फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती. ७ फेब्रुवारी, १८३७ रोजी, वयाच्या १७व्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी प्रचीती त्यांना आली. मात्र ही सेवा नेमकी कोणती, याचा उलगडा होण्यास पुढे काही वर्षे लागली.

घरातील कोंडी

त्या काळी इंग्लंडमध्ये श्रीमंत घरातील मुलीने रुग्णालयात काम करणे हे अप्रतिष्ठेचे मानले जाई. रुग्णालयांतील परिचारिका बहुधा अशिक्षित असत आणि मद्यपानासाठी त्यांची बदनामी होती. १८४५ साली नाइटिंगेल यांनी सॉल्झबरी येथील रुग्णालयात काही महिने शिकण्याचा बेत घरी मांडला, तेव्हा आई व बहिणीने त्यास कडाडून विरोध केला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या आजारी आजीची आणि घरातील वृद्ध दाईची शुश्रूषा केली. घरच्या घरी वृद्धांची सेवा करण्यास कोणाचीही हरकत नव्हती. ते काम शिकून घेण्यास मात्र होती.

पुढची काही वर्षे त्यांनी तीव्र निराशेत काढली. भेटीगाठी, भरतकाम आणि मेजवान्या यांत दिवस जात असत आणि मन दिवास्वप्नांत हरवत असे. मृत्यू यावा असे वाटण्यापर्यंत ही खिन्नता गेल्याचे त्यांच्या खासगी टिपणांवरून दिसते. १८४९ साली त्यांनी कवी व राजकारणी रिचर्ड मंक्टन मिल्न्स यांची लग्नाची मागणी नाकारली. सुशिक्षित स्त्रीला सक्तीने रिकामे बसवून ठेवल्यास तिच्या मनाची कशी हानी होते, याचे विवेचन त्यांनी १८५२च्या सुमारास लिहिलेल्या ‘कॅसँड्रा’ या निबंधात केले आहे. चार भिंतींत अडकलेल्या मनाविषयीचे त्यांचे पुढील लेखन या स्वानुभवाशी जोडलेले आहे.

१८४९–५० मध्ये इजिप्त व ग्रीसचा प्रवास करून परतताना त्यांनी जर्मनीतील कायझरवर्थ येथील प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेस भेट दिली. १८५१ साली त्यांनी तेथे सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीट भागातील आजारी स्त्रियांसाठीच्या एका लहान संस्थेच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. वडिलांनी त्यांना दरसाल ५०० पौंडांची नेमणूक करून दिल्याने त्या आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र झाल्या. या संस्थेतील रुग्णांत अविवाहित व निराधार शिक्षिकांचा भरणा मोठा होता. आजाराबरोबरच एकटेपणा आणि उद्याची चिंता हेही त्यांचे दुखणे होते.

क्रिमियन युद्ध

१८५४ साली ब्रिटन आणि फ्रान्स रशियाविरुद्धच्या युद्धात उतरले. तुर्कस्तानातील स्कुतारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयाच्या दुरवस्थेच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्यावर युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेल यांना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर, १८५४ रोजी ३८ स्त्रियांसह त्या निघाल्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्कुतारीला पोहोचल्या.

तेथे जखमांपेक्षा विषमज्वर, कॉलरा आणि अतिसार यांनीच अधिक सैनिक मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये या रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांपर्यंत गेले होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली आणि हवा व पाणी यांची व्यवस्था सुधारली. त्यानंतर जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. नाइटिंगेल यांनी स्वयंपाक, धुणे, कपडे आणि मलमपट्टी यांची घडी बसवली. सैनिकांची पत्रे लिहून देणे, त्यांचे पैसे घरी पाठवण्याची सोय करणे आणि बऱ्या होणाऱ्यांसाठी वाचनखोली उघडणे ही कामेही त्यांनी शुश्रूषेइतकीच आवश्यक मानली. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना तीव्र ज्वर आला आणि काही दिवस त्या मृत्यूच्या दारात होत्या. हाच आजार पुढे त्यांच्या सोबतीला राहिला, असे आज मानले जाते.

दीर्घ आजारपण

ऑगस्ट १८५६ मध्ये स्वागतसमारंभ टाळण्यासाठी टोपणनावाने प्रवास करून त्या मायदेशी परतल्या. लष्कराच्या आरोग्याविषयीच्या राजकीय आयोगासाठी त्यांनी रात्रंदिवस काम केले. ऑगस्ट १८५७ मध्ये त्या पूर्णपणे कोसळल्या. छातीत धडधड, धाप, निद्रानाश, अन्नाची शिसारी आणि विलक्षण अशक्तपणा ही त्यांची लक्षणे होती. आपण लवकरच मरणार अशी त्यांची खात्री झाली होती. वडिलांची बहीण मेरी स्मिथ ऊर्फ माय आत्या आपला संसार सोडून जवळपास तीन वर्षे त्यांच्यासोबत राहिली.

ऑगस्ट १८६१ मध्ये सिडनी हर्बर्ट आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे सहायक, कवी आर्थर ह्यू क्लफ यांचे निधन झाले. त्या वर्षाच्या अखेरीस पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्या. पुढची सुमारे सहा वर्षे त्यांना चालता येत नव्हते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांना उचलून न्यावे लागे.

या आजाराचे स्वरूप दीर्घकाळ वादाचा विषय राहिले. त्यांच्या डॉक्टरांनी तो अतिश्रमांचा परिणाम मानला. लिटन स्ट्रेची यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात्मक लेखनानंतर, नकोसे लोक टाळण्यासाठी घेतलेला तो आडोसा होता किंवा तो निव्वळ मनाचा आजार होता, असे मत बळावले. १९९५ साली डेव्हिड यंग यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात ही लक्षणे दीर्घकालीन ब्रुसेलोसिसची असावीत असे प्रतिपादन केले. हा आजार जनावरांच्या दूषित दुधातून होतो. वारंवार येणारा ज्वर, पाठदुखी आणि नैराश्य ही त्याची लक्षणे आहेत. त्याच्या जंतूचा शोध डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली लावला. त्यामुळे १८५७ साली कोणत्याही डॉक्टरला या आजाराचे अचूक निदान करणे शक्य नव्हते. यंग यांचे मत आता अनेक अभ्यासकांना ग्राह्य वाटते. तथापि, त्यांच्या एकांताचा काही भाग त्यांनी स्वतः निवडलेला होता, हेही खरे आहे. आई आणि बहिणीला त्या अनेकदा भेट नाकारत. इतर पाहुण्यांना वेळ ठरवून, एका वेळी एकालाच भेटत.

रुग्णाच्या मनाविषयीचे विचार

अंथरुणावरच्या याच काळात ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक लिहिले गेले. १८६०च्या आरंभी ते वाचकांच्या हाती आले आणि पहिल्या महिन्यात त्याच्या सुमारे १५,००० प्रती खपल्या. हे पुस्तक घरात आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते. व्यावसायिक परिचारिकांचे पाठ्यपुस्तक म्हणून ते लिहिलेले नव्हते. १८६१ साली श्रमिक कुटुंबांसाठी त्याची स्वस्त आवृत्ती काढण्यात आली.

मोकळी हवा, उजेड, स्वच्छता आणि आहार यांबरोबरच या पुस्तकात रुग्णाच्या मनःस्थितीचा बारकाईने विचार केलेला आहे. शारीरिक श्रमांपेक्षा चिंता, अनिश्चितता, वाट पाहणे आणि अनपेक्षित धक्का यांनी रुग्णाची अधिक हानी होते, असे त्यांचे मत होते. खोलीबाहेर कुजबुजत बोलण्याने रुग्णाच्या मनात भीती घर करते. त्याच्याशी बोलताना त्याच्या नजरेसमोर बसावे. त्याला मान वळवावी लागेल अशा जागी उभे राहू नये. आपण केव्हा बाहेर जाणार आणि केव्हा परतणार, हे त्याला आधी सांगावे. अशा अगदी साध्या सूचना त्यांनी दिल्या आहेत.

वर्षानुवर्षे त्याच भिंती आणि तेच छत पाहणाऱ्या माणसाचे मन एकाच विचाराभोवती फिरत राहते आणि केवळ इच्छाशक्तीच्या बळावर त्याला तो विचार बदलता येत नाही, हे त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण होते. निरोगी माणूस दिवसातून अनेकदा जागा बदलतो आणि त्याबरोबर त्याचे विचारही बदलतात. घरात अडकलेल्या रुग्णाला हा बदल बाहेरून आणून द्यावा लागतो. त्यासाठी खिडकीतून बाहेरचे दिसेल अशी खाट ठेवणे, फुले, रंग, चित्रे, हाताला झेपेल असे काम आणि तान्ह्या मुलाचा सहवास असे उपाय त्यांनी सुचवले. दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठी पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, याचीही त्यांनी नोंद केली. काही होणार नाही, लवकर बरे व्हाल, अशा पोकळ धीरावर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण लिहिले. अशा बोलण्याने रुग्णाला दिलासा मिळत नाही. आपली स्थिती कोणी समजून घेत नाही या भावनेने तो अधिकच एकाकी होतो, असे त्यांनी दाखवून दिले.

हे उपाय त्यांनी स्वतःच्या घरातही अमलात आणले. १८६५ साली त्या लंडनच्या मेफेअर भागातील साउथ स्ट्रीटवरील घरात राहावयास गेल्या. त्यांच्या खोलीच्या मागील खिडक्यांतून डॉर्चेस्टर हाउसच्या बागेतील झाडे दिसत. उद्योगपती विल्यम रॅथबोन त्यांच्यासाठी अनेक वर्षे फुलझाडे पाठवीत. तरुणपणी ग्रीसमध्ये त्यांनी अथीना नावाचे घुबडाचे पिल्लू पाळले होते; पुढे लंडनच्या घरात पर्शियन मांजरी आल्या आणि त्यांना बिस्मार्क, ग्लॅडस्टन अशी नावे मिळाली. १८६२ नंतर ऑक्सफर्डमधील विद्वान बेंजामिन जॉवेट त्यांच्या घरी येऊन धार्मिक विधी करीत. त्या दोघांत तीस वर्षे पत्रव्यवहार होता.

परिचारिका शिक्षण आणि घरोघरची शुश्रूषा

क्रिमियन युद्धातील कामाबद्दल कृतज्ञता म्हणून जनतेने नाइटिंगेल निधी उभारला होता. त्यात सुमारे ४४,००० पौंड जमले. या पैशातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. संस्थापिका स्वतः आजारी असल्याने तिचे दैनंदिन काम रुग्णालयाच्या मेट्रन सारा वॉर्डरोपर पाहत असत. नाइटिंगेल पत्रांद्वारे आणि विद्यार्थिनींना घरी बोलावून शाळेवर लक्ष ठेवीत.

रॅथबोन यांच्या पत्नीचे १८५९ साली दीर्घ आजाराने निधन झाले. घरी ठेवलेल्या परिचारिकेमुळे पत्नीच्या अखेरच्या दिवसांत मिळालेला आधार पाहून, ज्यांना असा खर्च परवडत नाही त्या गरिबांचे काय, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी त्याच परिचारिकेला, मेरी रॉबिन्सन यांना, लिव्हरपूलच्या गरीब वस्त्यांत घरोघरी पाठवून पाहिले. प्रयोग यशस्वी झाला, परंतु प्रशिक्षित परिचारिका मिळेनात. रॅथबोन यांनी नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि त्यानुसार लिव्हरपूलच्या रुग्णालयात नवी प्रशिक्षणशाळा उघडली. पुढे शहराचे १८ विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी परिचारिकेची सोय करण्यात आली.

१८७४ साली लंडनमध्ये गरीब रुग्णांना घरी प्रशिक्षित शुश्रूषा पुरवणारी संघटना स्थापन झाली. नाइटिंगेल यांच्या शाळेत शिकलेल्या फ्लॉरेन्स लीस या तिच्या पहिल्या अधीक्षक होत्या. या संघटनेच्या साहाय्यासाठी १८७६ साली नाइटिंगेल यांनी ‘टाइम्स’ वृत्तपत्रात पत्र लिहिले. घरी जाणाऱ्या परिचारिकेला रुग्णालयातील परिचारिकेपेक्षाही अधिक प्रशिक्षण हवे, कारण तेथे तिच्या हाताशी डॉक्टर नसतो, साधने नसतात आणि रुग्णाच्या खोलीपासूनच कामाला सुरुवात करावी लागते, अशी त्यांची भूमिका होती. परिचारिकेने भिक्षा किंवा पैसे वाटू नयेत. तिने घर नीटनेटके करावे, घरच्यांना शिकवावे आणि रुग्णाला पुन्हा आपल्या माणसांत आणावे, असे त्यांना वाटे. रुग्णालय हा सुधारणेच्या वाटेवरील एक टप्पा असून शुश्रूषेचे खरे स्थान घर आहे, हे मत त्यांनी वारंवार मांडले.

१८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी स्त्रियांनी जमवलेल्या निधीतील ७०,००० पौंड घरोघरच्या शुश्रूषेसाठी देण्यात आले आणि या सेवेला देशव्यापी संस्थेचे रूप मिळाले. १८९२ साली बकिंगहॅमशायर परगण्यात ग्रामीण घरांना भेटी देऊन आरोग्यशिक्षण देणाऱ्या स्त्रियांच्या प्रशिक्षणाची योजनाही नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने आखण्यात आली.

वर्कहाउसमधील वृद्ध आणि मनोरुग्ण

इंग्लंडमधील निराधारांना काम आणि आसरा देण्यासाठी उघडलेली वर्कहाउस ही गृहे प्रत्यक्षात वृद्ध, अपंग, मनोरुग्ण, मतिमंद आणि अनाथ मुले या सर्वांचे एकच आश्रयस्थान बनली होती. तेथे आजाऱ्यांची देखभाल तेथील निराधार स्त्रियाच करीत. डिसेंबर १८६४ मध्ये लंडनच्या होबर्न येथील वर्कहाउसमधील हेळसांडीमुळे टिमथी डेली या मजुराचा मृत्यू झाला आणि वृत्तपत्रांत गदारोळ उठला. ही संधी साधून नाइटिंगेल यांनी गरिबांसाठीच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स व्हिलियर्स यांना पत्र लिहिले.

त्यांच्या योजनेत तीन तत्त्वे होती. आजारी, मनोरुग्ण, वृद्ध व दुर्बल माणसे आणि मुले यांची वेगवेगळी व्यवस्था व्हावी. या साऱ्यांसाठी एकच मध्यवर्ती प्रशासन असावे. आणि खर्चाचा भार संपूर्ण लंडनवर सारखा पडावा. आजारी पडल्यावर माणूस भिकारी राहत नाही, तो रुग्ण होतो आणि समाजाने त्याच्याकडे रुग्ण म्हणूनच पाहिले पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १८६७ साली संमत झालेल्या महानगर निर्धन कायद्यात या योजनेचा काही भाग आला. त्यातून निर्माण झालेल्या मंडळाने १८७० साली लीव्ह्जडन आणि केटरहॅम येथे मनोरुग्ण व मतिमंद निराधारांसाठी स्वतंत्र गृहे उघडली. मात्र ही गृहे लवकरच अतिशय मोठी आणि गर्दीची झाली.

त्याच सुमारास, १८६५ साली, रॅथबोन यांच्या खर्चाने लिव्हरपूलच्या वर्कहाउस रुग्णालयात ॲग्नेस जोन्स यांच्यासह १२ प्रशिक्षित परिचारिका पाठवण्यात आल्या. सुमारे १,२०० रुग्णांच्या त्या रुग्णालयात त्यांनी शिस्त आणि माणुसकी आणली. फेब्रुवारी १८६८ मध्ये जोन्स यांचे प्रलापक ज्वराने निधन झाले. त्या अवघ्या ३५ वर्षांच्या होत्या.

संख्याशास्त्र आणि भारत

विल्यम फार यांच्या सहकार्याने नाइटिंगेल यांनी लष्करातील मृत्यूंची आकडेवारी वर्तुळाकार आलेखांच्या रूपाने मांडली. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. १८५९ पासून त्यांनी भारतातील लष्कराच्या आणि पुढे सर्वसामान्य जनतेच्या आरोग्याचा प्रश्न हाती घेतला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर, दादाभाई नौरोजी आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दुष्काळ, सिंचन, शेतसारा आणि गावांची स्वच्छता या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. त्या भारतात कधीही येऊ शकल्या नाहीत. हे सारे काम लंडनमधील खोलीतून झाले.

आईची शुश्रूषा

जानेवारी १८७४ मध्ये वडिलांचे अचानक निधन झाले. वारसाहक्काच्या अटींमुळे मालमत्ता माय आत्याच्या कुटुंबाकडे गेली आणि वृद्ध आईला एम्बलीचे घर सोडावे लागले. तिची दृष्टी गेली होती आणि स्मरणशक्ती क्षीण झाली होती. कोठे आहोत, घर का सुटले, हे तिला उमगत नसे. बहीण पार्थेनोपी संधिवाताने आजारी असल्याने आईची जबाबदारी बरीचशी फ्लॉरेन्स यांच्यावर आली. त्या स्वतः ५३ वर्षांच्या आणि दीर्घकाळ आजारी होत्या. आपले काम सोडून त्यांना कित्येक महिने आईबरोबर राहावे लागले. आईला परिचयाचे वाटणारे ली हर्स्टचे घर तिला मिळावे, यासाठी त्या उन्हाळ्यात तिच्यासह तेथे राहत.

या काळातील त्यांच्या लेखनात चिडचिड, थकवा आणि वाया जाणाऱ्या वेळेची खंत स्पष्ट दिसते. ज्या आईने एकेकाळी त्यांना घरात अडकवून ठेवले होते, तिच्याच सेवेसाठी त्या पुन्हा घरात अडकल्या होत्या. तथापि, विस्मरणाबरोबर आईचा स्वभाव मृदू झाला आणि दोघींमधील जुना दुरावा बराच निवळला. फेब्रुवारी १८८० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, फॅनी नाइटिंगेल यांचे निधन झाले.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

१८८० नंतर नाइटिंगेल यांची प्रकृती बरीच सुधारली. नैराश्याचा जोर ओसरला आणि स्वभावात मवाळपणा आला. पार्थेनोपीच्या आजारपणात त्या क्लेडन येथील तिच्या घरी दीर्घकाळ राहिल्या. १८९० साली पार्थेनोपी, १८९३ साली जॉवेट आणि १८९४ साली मेहुणे सर हॅरी व्हर्नी यांचे निधन झाले. जवळची माणसे गेल्यावरही तरुण परिचारिकांशी त्यांचा संबंध टिकून होता. त्या त्यांना चहाला बोलावून कामाची बारीकसारीक चौकशी करीत.

१८९६ नंतर त्या साउथ स्ट्रीटवरील घराबाहेर पडल्या नाहीत. १९०१च्या सुमारास त्यांना वाचणे व लिहिणे अशक्य झाले. हळूहळू स्मृतीही साथ सोडू लागली. सोबतीसाठी आलेल्या स्त्रिया त्यांना वाचून दाखवीत. अखेरच्या वर्षांत परिचारिका त्यांची घरीच देखभाल करीत होत्या. जी शुश्रूषा गरिबांच्या घरी पोहोचावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचले, तिचाच आधार त्यांना मिळाला. नोव्हेंबर १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तो त्यांना घरी आणून देण्यात आला, परंतु तोवर त्याचे महत्त्व त्यांना फारसे उमगण्याजोगे राहिले नव्हते.

१३ ऑगस्ट, १९१० रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, त्यांचे राहत्या घरी निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव नाकारण्यात आला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील चर्चच्या आवारात आईवडिलांजवळ त्यांना मूठमाती देण्यात आली. थडग्यावर पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची वर्षे कोरलेली आहेत.

मूल्यमापन आणि वारसा

नाइटिंगेल यांच्या कार्याच्या मर्यादांचीही अभ्यासकांनी चर्चा केली आहे. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनी उशिरा स्वीकारला. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांचा विरोध होता. क्रिमियात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या जमैकन वंशाच्या मेरी सीकोल यांच्यासारख्या स्त्रियांचे योगदान त्यांच्या कीर्तीमुळे दीर्घकाळ झाकोळले गेले. वृद्धांचे मानसोपचार ही स्वतंत्र शाखा त्यांच्या हयातीत अस्तित्वात नव्हती आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

मात्र घरात अडकलेल्या माणसाचे नैराश्य हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून परिस्थितीचा परिणाम असतो आणि योग्य शुश्रूषेने ते हलके करता येते, ही दृष्टी त्यांच्या लेखनात आढळते. घरोघरच्या शुश्रूषेची जी पद्धत त्यांनी व रॅथबोन यांनी रुजवली, तिचा पुढे अनेक देशांत विस्तार झाला. इंग्लंडमध्ये १९५४ साली वॉर्लिंगहॅम पार्क रुग्णालयातील मानसोपचार परिचारिका रुग्णालयाबाहेर पडून रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. आज वृद्ध व अपंग व्यक्तींना घरी मानसिक आरोग्यसेवा देणाऱ्या अनेक उपक्रमांत परिचारिकांची भूमिका मध्यवर्ती असते.

नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, १२ मे, हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. भारत सरकार १९७३ पासून उल्लेखनीय सेवा करणाऱ्या परिचारिकांना राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार देते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या जीवनकार्यावरील संग्रहालय असून, त्यांनी पाळलेले अथीना हे घुबड पेंढा भरून तेथे जतन केलेले आहे.